काव्यशिक्षिका सावित्रीमाई

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. विवाहानंतर जोतीरावांकडून त्या अक्षरे शिकल्या आणि १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात पिवळा चाफा आहे, जाईचे फूल आहे आणि विद्येची महतीही आहे. अंगणातले फूल ओळखणाऱ्या मुलाला अशा कवितेत शिरण्यास शब्दकोश लागत नाही. फुलाचे बोट धरून तो विचारापर्यंत पोहोचतो. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वाचायला शिकलेली मुलगी स्वतःचे लिहू लागली होती. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज सातवी-आठवीची आमची मुले कवितेचा अर्थ गाईडमधून पाठ करतात, हे आम्ही मान्य केले पाहिजे. त्यांनी कविता आधी मोठ्याने म्हणावी, तिच्यातले फूल डोळ्यांनी पाहावे, मगच अर्थाकडे वळावे आणि शेवटी स्वतःच्या चार ओळी लिहाव्यात. आम्ही त्यांना तेवढी मोकळीक दिली, तर तेच माईंना खरे अभिवादन ठरेल.