जेम्स अलेक्झांडर हेन्शॉल

डॉ. जेम्स अलेक्झांडर हेन्शॉल (जन्म : बाल्टिमोर, मेरीलँड, २९ फेब्रुवारी १८३६, मृत्यू : सिनसिनाटी, ओहायो, ४ एप्रिल १९२५) हे अमेरिकन वैद्य, मत्स्यसंवर्धक आणि गळाने मासे धरण्याच्या छंदावरील लेखक होते. 'ब्लॅक बास' हा गोड्या पाण्यातील मासा आज अमेरिकेतील हौशी गळकऱ्यांचा सर्वांत आवडता मासा मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मात्र प्रतिष्ठित मंडळी त्याची गणना दुय्यम माशांत करीत. त्याला मानाचे स्थान मिळवून देण्यात १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या हेन्शॉल यांच्या 'बुक ऑफ द ब्लॅक बास' या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

कोकणातील खाड्यांमध्ये मिळणाऱ्या जिताड्यालाही बाजारात 'सी बास' म्हणतात. नावातील साम्य सोडले तर या दोन माशांचा जवळचा संबंध नाही. ब्लॅक बास हा उत्तर अमेरिकेतील सनफिश कुळातला, केवळ गोड्या पाण्यात राहणारा मासा आहे. त्याच्या मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा अशा दोन मुख्य जाती हेन्शॉल यांच्या काळी मानल्या जात.

सुरुवातीचे जीवन

हेन्शॉल यांचा जन्म लीप वर्षातील २९ फेब्रुवारीचा. १९०० हे वर्ष लीप नसल्याने १८९६ ते १९०४ अशी सलग आठ वर्षे त्यांचा खरा वाढदिवस आलाच नाही. त्यांचे बालपण बाल्टिमोर येथे गेले. पुढे कुटुंब ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात आले आणि तेथेच त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात ते केंटकी राज्यातील सिंथियाना या गावी वैद्यकी करीत होते. केंटकी हे उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवरचे राज्य असल्याने लहानशा सिंथियानातही १८६२ आणि १८६४ साली लढाया झाल्या.

सिंथियाना लिकिंग नदीच्या दक्षिण शाखेवर वसले आहे. या शाखेच्या आणि आसपासच्या ओढ्यांच्या खडकाळ पात्रांत बास विपुल होता. शिवाय जवळच्याच पॅरिस गावात जॉर्ज स्नायडर या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घड्याळाच्या दातेरी चाकांच्या धर्तीवर गुणक रीळ तयार केले होते. त्याची मूठ एकदा फिरवली की दोरी गुंडाळणारी फिरकी अनेक वेढे घेई, त्यामुळे हलके आमिष लांब फेकणे आणि दोरी झपाट्याने ओढून घेणे शक्य झाले. हे रीळ 'केंटकी रीळ' या नावाने प्रसिद्ध झाले. पूर्वेकडील शहरांतील लेखक इंग्रजी ग्रंथांवरून ट्राउट आणि सामन माशांच्या शिकारीचे नियम गिरवीत होते, तेव्हा केंटकीतील शेतकरी आणि कारागीर बास पकडण्याचे स्वतःचे तंत्र घडवीत होते. हेन्शॉल यांनी ते तंत्र त्यांच्यातच राहून आत्मसात केले. पुढे काही वर्षे ते विस्कॉन्सिनमधील ओकोनोमोवॉक या सरोवरांनी वेढलेल्या गावी राहिले. त्यामुळे नदीतला आणि सरोवरातला असा दोन्ही ठिकाणचा बास त्यांना जवळून पाहता आला.

बास या माशाची उपेक्षा

इंग्लंडमधून आलेल्या परंपरेत ट्राउट आणि सामन हे कुलीन मासे ठरले होते. थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यात राहणारा ट्राउट कृत्रिम माशीने धरणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण समजले जाई. बास कोमट तलावात, शेवाळात, पाणवनस्पतींत आणि बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला राहतो, बेडूक, चिंगाट्या, लहान मासे असे मिळेल ते खातो. इंग्लंडमध्ये हा मासा मुळात नसल्याने त्याच्यासाठी ना शास्त्र होते, ना शिष्टाचार.

त्याला धड नावही नव्हते. दक्षिणेकडील राज्यांत त्याला 'ट्राउट' म्हणत, काही ठिकाणी 'चब', तर लुइझियानात 'हिरवा ट्राउट'. शास्त्रज्ञांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०२ साली लहान तोंडाच्या बासचे वर्णन ज्या नमुन्यावरून केले, त्याच्या पाठीवरील पराचा मागचा भाग मोडून अलग झाला होता. तो तुकडा म्हणजे एक स्वतंत्र छोटा पर आहे, असे समजून त्यांनी 'लहान पर' या अर्थाचे 'मायक्रोप्टेरस' हे नाव दिले. एका जखमी माशाच्या व्यंगावरून संपूर्ण प्रजातीला मिळालेले हे नाव नामकरणाच्या नियमांमुळे आजही कायम आहे. त्यानंतरच्या अभ्यासकांनी दोन जातींची नावे एकमेकींना लावली, पिल्ले आणि प्रौढ मासे वेगळ्या जातींचे मानले आणि गोंधळ वाढवला.

'बुक ऑफ द ब्लॅक बास'

हा ग्रंथ सिनसिनाटी येथील रॉबर्ट क्लार्क आणि कंपनीने प्रकाशित केला. त्यात माशाचा शास्त्रीय इतिहास, गळाची साधने आणि प्रत्यक्ष मासे धरण्याची कला असे तीन विषय आहेत. ग्रंथाचा आरंभ शिकारीच्या सुरस कथांनी न होता शास्त्रीय नावांच्या किचकट चर्चेने होतो, आणि लेखकाचे वेगळेपण याच निवडीत दिसते. सुमारे ऐंशी वर्षांतील वर्णने तपासून त्यांनी सर्व नावांचा हिशेब लावला आणि दोनच जाती आहेत, ही बाजू मांडली. सामान्य माणसालाही त्या ओळखता याव्यात अशी खूण उपलब्ध होती : तोंड मिटलेले असताना मोठ्या तोंडाच्या बासचा वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत पोहोचतो, लहान तोंडाच्या बासचा डोळ्याखालीच थांबतो.

या माशाची वीण आणि स्वभाव यांवरील माहितीही ग्रंथात सविस्तर आहे. नर मासा शेपटीने तळावरची जागा साफ करून खोलगट घरटे करतो, मादी अंडी घालून गेल्यावर तोच परांनी पाणी हलवत राहतो आणि पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत राखण करतो. नदीत वा तलावात अंडी टाकून निघून जाणाऱ्या ट्राउटमध्ये हे पितृत्व आढळत नाही.

समान वजनाच्या कोणत्याही गोड्या पाण्यातील माशापेक्षा बास अधिक जिद्दीने झुंजतो, हा हेन्शॉल यांचा मुख्य दावा होता. तो ज्या वाक्यात त्यांनी मांडला ते वाक्य अमेरिकन गळकऱ्यांमध्ये म्हणीसारखे रूढ झाले. लहान तोंडाचा बास चपळ आणि मोठ्या तोंडाचा सुस्त, हा प्रचलित समजही त्यांनी अमान्य केला. दोन्ही जाती एकाच पाण्यात वाढल्या तर त्यांच्यात डावे-उजवे करता येत नाही, असे त्यांचे मत होते. या ठिकाणी वैद्यापेक्षा वकील अधिक बोलतो, असे म्हणावे लागेल. झुंज मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते आणि अनेक अनुभवी गळकरी या मताशी आजही सहमत नाहीत.

त्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक भक्कम होता. जंगले तोडली जात होती, ओढ्यांवरची सावली नाहीशी होऊन पाणी तापत होते, गिरण्यांसाठी बंधारे पडत होते. अशा पाण्यात ट्राउट टिकत नाही, पण बास टिकतो. म्हणून यापुढे अमेरिकेचा प्रमुख क्रीडामासा बासच असेल, असे भाकीत त्यांनी केले. पुढे विसाव्या शतकात धरणांमुळे हजारो कृत्रिम जलाशय निर्माण झाले आणि हे भाकीत त्यांच्या कल्पनेपलीकडे खरे ठरले.

गळाची काठी

त्या काळी बाससाठी वापरल्या जाणाऱ्या काठ्या लांब आणि जड असत. हेन्शॉल यांनी लाकडाची, फक्त ८ फूट ३ इंच (सुमारे अडीच मीटर) लांबीची, हलकी आणि लवचीक काठी सुचवली. तिला केंटकी रीळ जोडून जिवंत लहान मासा आमिष म्हणून फेकावा, अशी त्यांची पद्धत होती. कारखानदारांनी 'हेन्शॉल काठी' याच नावाने ती विक्रीस आणली. थोड्याच वर्षांत सहा फुटांच्या आसपासच्या त्याहून आखूड काठ्या लोकप्रिय झाल्या आणि ही काठी मागे पडली. काठी हलकी असावी आणि माशाला झुंजण्याची संधी मिळावी, हा विचार मात्र रुजला.

मत्स्यसंवर्धनाचे कार्य

फ्लोरिडातील दोन हिवाळ्यांच्या भटकंतीवर आधारित 'कॅम्पिंग अँड क्रूझिंग इन फ्लोरिडा' हे पुस्तक १८८४ साली, तर बासवरील पुरवणी ग्रंथ १८८९ साली निघाला. १८९१–९२ मध्ये हेन्शॉल अमेरिकन फिशरीज सोसायटीचे अध्यक्ष होते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात गळाच्या साधनांच्या दालनाचे काम त्यांच्याकडे होते. त्यानंतर वयाच्या साठीत, म्हणजे बहुतेक लोक निवृत्त होतात त्या वयात, ते सरकारी नोकरीत शिरले आणि माँटाना राज्यातील बोझमन येथील राष्ट्रीय मत्स्यबीज केंद्राचे अधीक्षक झाले.

बोझमनला त्यांचा संबंध बासऐवजी ट्राउट आणि ग्रेलिंग या माशांशी आला. ग्रेलिंग हा मोठ्या, पंख्यासारख्या पराचा थंड पाण्यातील मासा आहे. माँटानातील ग्रेलिंगची अंडी रेड रॉक सरोवराच्या परिसरातून गोळा करून ती कृत्रिमरीत्या उबवण्याचे प्रयोग १८९८ च्या सुमारास त्यांनी यशस्वी केले. पाटबंधाऱ्यांच्या चाऱ्यांमध्ये शिरून शेतात मरणाऱ्या माशांचा प्रश्नही त्यांनी लावून धरला. ट्राउटच्या मादीचे पोट दाबून अंडी काढता येतात आणि नराच्या मिल्टने फलित करता येतात. बासच्या बाबतीत ही रीत चालत नाही. त्याला तळ्यात सोडून त्याचे त्यालाच घरटे करू द्यावे लागते. १९०९ साली हेन्शॉल यांची बदली मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथील केंद्रात झाली आणि तेथे त्यांना उमेदीच्या काळापासून ज्याचा ध्यास होता तो बास तळ्यांत वाढवण्याचे काम मिळाले. १९१७ साली वयाच्या ८१ व्या वर्षी ते निवृत्त झाले.

दरम्यान 'बास, पाइक, पर्च अँड अदर्स' (१९०३), 'फेवरिट फिश अँड फिशिंग' (१९०८) ही पुस्तके आणि मूळ ग्रंथाची बरीचशी नव्याने लिहिलेली आवृत्ती (१९०४) प्रसिद्ध झाली. सोनेरी लोकर आणायला निघालेल्या ग्रीक वीरांच्या कथेचे विडंबनही त्यांनी १९०० साली लिहिले. ते आज फारसे कोणी वाचत नाही.

प्रभाव

हेन्शॉल यांचे आमिष जिवंत मासा किंवा पिसांची माशी हे होते. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने, १९४९ साली, ओहायोतीलच ॲक्रन शहरात निक क्रीम या कामगाराने आपल्या घरच्या स्वयंपाकघरात व्हिनाइल, तेल आणि रंग यांचे मिश्रण तापवून साच्यात ओतले आणि मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. त्यापूर्वीची रबरी गांडुळे ताठ असत. हे गांडूळ पाण्यात सजीवासारखे वळवळे, आणि तोंडाला मऊ लागत असल्याने बास ते चटकन थुंकून टाकत नसे. पुढे गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवून पुढे शिसाचे निमुळते वजन लावण्याची 'टेक्सास' पद्धत निघाली. त्यामुळे बुडालेल्या झाडांत आणि पाणवनस्पतींत न अडकता आमिष थेट बासच्या दाराशी नेता येऊ लागले. अशा अडचणीतून मासा ओढून काढायला ताठ काठी लागते, म्हणजे या तंत्राने हेन्शॉल यांची लवचीक काठी बाजूला सारली. १९६८ पासून 'बास' याच नावाच्या गळकऱ्यांच्या संघटनेने या छंदाला स्पर्धांचे आणि बक्षिसांचे रूप दिले आणि १९७२ पासून पकडलेला मासा जिवंत सोडण्याची प्रथा पाडली. तुटून तळाशी राहणाऱ्या आणि माशांच्या पोटात जाणाऱ्या प्लास्टिक गांडुळांचा प्रश्न अलीकडे चर्चेत असून २०१३ साली मेन राज्यात त्यांच्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला होता.

बासच्या गुणगौरवाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. हेन्शॉल यांच्या ग्रंथात एक प्रसंग कौतुकाने आला आहे : १८५४ साली जनरल श्रायव्हर यांनी ओहायो खोऱ्यातील थोडे बास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत, भोके पाडलेल्या डब्यात ठेवून डोंगर ओलांडून आणले आणि कंबरलंड येथे सोडले. त्यांच्या संततीने पोटोमॅक नदी भरून गेली. नवीन पाण्यात नवा मासा सोडणे हे त्या पिढीला निखळ पुण्यकर्म वाटे. त्या पाण्यात आधीपासून असलेल्या लहान माशांचे काय होते, हा प्रश्न हेन्शॉल यांच्यासारख्या चिकित्सक अभ्यासकानेही पुरेशा गांभीर्याने विचारला नाही. बासची कोमट पाण्यात टिकण्याची, मिळेल ते खाण्याची आणि पिल्लांचे रक्षण करण्याची जी शक्ती त्यांनी गौरवली, तीच परक्या पाण्यात घातक ठरली. ग्वाटेमालातील ॲटिट्लान सरोवरात १९६० च्या आसपास बास सोडल्यानंतर तेथील लहान मासे आणि खेकडे घटले. तेथेच आढळणारी एक पाणडुबी पुढे नामशेष झाली, तिच्या ऱ्हासाच्या कारणांत बासचा समावेश केला जातो.

जपानमध्ये पहिले बास अशी नोको सरोवरात सोडले गेले ते १९२५ साली, म्हणजे हेन्शॉल यांच्या मृत्यूच्याच वर्षी. आज तेथे हा मासा कायद्याने उपद्रवी परकीय जात ठरला आहे. मोठ्या तोंडाच्या बासचा २२ पौंड ४ औंस (सुमारे १० किलो) वजनाचा विक्रम जॉर्जिया राज्यात १९३२ साली झाला होता. त्याची बरोबरी करणारा मासा २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात सापडला. ज्या शिगा प्रांतात हे सरोवर आहे, तेथे पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास २००३ पासून मनाई आहे.