पीट मॅराविच

पीटर प्रेस मॅराविच (२२ जून, १९४७ - ५ जानेवारी, १९८८) हे अमेरिकन बास्केटबॉलपटू होते. पिस्टल पीट या टोपणनावाने ते ओळखले जात. लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या (एलएसयू) संघाकडून तीन हंगामांतील ८३ सामन्यांत त्यांनी ३,६६७ गुण नोंदविले. प्रतिसामना ४४.२ गुणांची ही सरासरी अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रथम श्रेणीतील सर्वोच्च सरासरी आहे. त्यानंतर त्यांनी अटलांटा हॉक्स, न्यू ऑर्लिन्स जॅझ (नंतरचे युटा जॅझ) आणि बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघांकडून दहा हंगाम खेळले. एलएसयूचा सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू कोण, या चर्चेत बॉब पेटिट आणि शकील ओनील यांच्याबरोबर त्यांचे नाव नेहमी घेतले जाते.

प्रारंभिक जीवन

मॅराविच यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील अ‍ॅलिक्विप्पा या पोलाद कारखान्यांच्या गावी झाला. त्यांचे वडील प्रेस मॅराविच हे सर्बियन स्थलांतरितांचे पुत्र होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात वैमानिक म्हणून काम केले होते. युद्धानंतर काही काळ व्यावसायिक बास्केटबॉल खेळून ते प्रशिक्षणाकडे वळले. आईचे नाव हेलन होते.

पीट अगदी लहान असतानाच वडिलांनी त्यांच्या हाती चेंडू दिला. चेंडू बोटांवर फिरविणे, पायांमधून व पाठीमागून नेणे, डोळे बांधून ड्रिब्लिंग करणे असे अनेक सराव प्रकार प्रेस यांनी मुलासाठी तयार केले होते. पीट ते रोज तासन्‌तास करीत. पुढे सामन्यांत प्रेक्षकांना चमत्कारासारख्या वाटणाऱ्या त्यांच्या करामतींचे मूळ या सरावात होते. वडिलांच्या नोकरीनिमित्त कुटुंब साउथ कॅरोलिनात आणि नंतर नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे राहिले. शालेय वयात शरीराने किरकोळ असल्यामुळे ते चेंडू कमरेजवळून, पिस्तूल उपसल्याप्रमाणे फेकत. त्यावरून त्यांना पिस्टल हे नाव पडले.

एलएसयूमधील कारकीर्द

१९६६ मध्ये प्रेस मॅराविच यांची एलएसयूच्या बास्केटबॉल प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. पीट यांचा ओढा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे होता. मात्र वडिलांच्या आग्रहामुळे त्यांनी बॅटन रूज येथील एलएसयूत प्रवेश घेतला. त्या काळी हे विद्यापीठ अमेरिकन फुटबॉलसाठी प्रसिद्ध होते. बास्केटबॉलचे सामने जॉन एम. पार्कर कृषी सभागृहात होत. ही वास्तू मुळात पशुप्रदर्शनांसाठी बांधलेली होती.

तत्कालीन नियमांनुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे १९६६-६७ मध्ये मॅराविच प्रथम वर्षाच्या संघात खेळले आणि त्यांनी सामन्यामागे ४३.६ गुण मिळविले. त्याच हंगामात मुख्य संघाने २६ पैकी केवळ ३ सामने जिंकले. प्रथम वर्षाच्या संघाचा सामना आधी होई. तो संपताच बरेचसे प्रेक्षक मुख्य सामन्यासाठी न थांबता घरी जात.

मुख्य संघातील तीन हंगामांत त्यांची सरासरी अनुक्रमे ४३.८, ४४.२ आणि ४४.५ होती. तिन्ही वर्षे ते देशातील सर्वाधिक गुण मिळविणारे खेळाडू ठरले आणि तिन्ही वर्षे त्यांची निवड अखिल अमेरिकन संघात झाली. २८ सामन्यांत त्यांनी ५० किंवा त्याहून अधिक गुण केले. ३१ जानेवारी, १९७० रोजी मिसिसिपी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात त्यांनी ऑस्कर रॉबर्टसन यांचा २,९७३ गुणांचा विक्रम मागे टाकला. एका आठवड्याने, ७ फेब्रुवारी रोजी, अलाबामा विद्यापीठाविरुद्ध त्यांनी ६९ गुण केले. तो सामना एलएसयूने १०४-१०६ असा गमावला. त्याच महिन्यात केंटकी विद्यापीठाविरुद्ध त्यांनी ६४ गुण केले. तरीही एलएसयूचा १०५-१२१ असा पराभव झाला. मॅराविच यांच्या तीन हंगामांत एलएसयूला केंटकीवर एकदाही विजय मिळविता आला नाही.

या काळात संघाची कामगिरी १४ विजय व १२ पराभव, १३ विजय व १३ पराभव आणि २२ विजय व १० पराभव अशी राहिली. अखेरच्या हंगामात संघाला न्यूयॉर्कमधील नॅशनल इन्व्हिटेशन स्पर्धेचे निमंत्रण मिळाले. १९५४ नंतर प्रथमच एलएसयू हंगामोत्तर स्पर्धेत खेळत होते. उपांत्य फेरीत मार्केट विद्यापीठाकडून हार पत्करून संघ चौथा आला. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळण्याची संधी मात्र मॅराविच यांना कधीच मिळाली नाही. १९७० मध्ये त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा नेस्मिथ पुरस्कार देण्यात आला.

व्यावसायिक कारकीर्द

१९७० च्या निवडप्रक्रियेत अटलांटा हॉक्स संघाने मॅराविच यांची तिसऱ्या क्रमांकावर निवड केली. त्यांच्याशी सुमारे १९ लाख डॉलरचा करार झाला. तो त्या काळातील सर्वांत मोठ्या करारांपैकी एक होता आणि संघातील अनुभवी खेळाडूंमध्ये त्यामुळे नाराजी निर्माण झाली. १९७४ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ हा नवा संघ स्थापन झाला. लुईझियानातील त्यांची लोकप्रियता लक्षात घेऊन जॅझने दोन खेळाडू आणि निवडप्रक्रियेतील अनेक हक्क देऊन त्यांना अटलांटाकडून मिळविले. त्याच वर्षी त्यांच्या आईने आत्महत्या केली.

१९७६-७७ च्या हंगामात त्यांनी प्रतिसामना ३१.१ गुणांसह एनबीएमध्ये अव्वल स्थान मिळविले. २५ फेब्रुवारी, १९७७ रोजी न्यूयॉर्क निक्स संघाविरुद्ध त्यांनी ६८ गुण केले. जानेवारी १९७८ मध्ये उडी मारून पायांमधून पास देताना त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्यानंतर त्यांच्या खेळातील पूर्वीची चपळाई परत आली नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये असेपर्यंत जॅझ संघ बादफेरीत एकदाही पोहोचला नाही.

१९७९ मध्ये संघ युटा राज्यात गेला. जानेवारी १९८० मध्ये जॅझने त्यांना मुक्त केले आणि हंगामाचा उरलेला भाग ते बॉस्टन सेल्टिक्सकडून लॅरी बर्ड यांच्यासमवेत खेळले. एनबीएने तीन गुणांची रेषा स्वीकारली ती याच हंगामात. मॅराविच यांनी त्या रेषेबाहेरून केलेल्या १५ पैकी १० फेकी यशस्वी ठरल्या. पुढील हंगामापूर्वी त्यांनी निवृत्ती घेतली आणि त्याच हंगामात, १९८१ मध्ये, सेल्टिक्सने अजिंक्यपद पटकावले. एनबीएतील ६५८ सामन्यांत त्यांची सरासरी २४.२ गुण होती. पाच वेळा त्यांची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

निवृत्तीनंतरची सुमारे दोन वर्षे मॅराविच लोकांपासून दूर राहिले. मद्यपान आणि मानसिक अस्वस्थता यांनी त्यांना खेळण्याच्या काळातही ग्रासले होते. मनःशांतीच्या शोधात त्यांनी योग, शाकाहार आणि विविध आध्यात्मिक मार्ग अजमावले. १९८२ मध्ये ते ख्रिस्ती धर्माकडे वळले आणि पुढील काळात धर्मप्रसारासाठी व्याख्याने देऊ लागले. मुलांसाठी त्यांनी प्रशिक्षण शिबिरे घेतली. वडिलांनी शिकविलेले सराव प्रकार त्यांनी ध्वनिचित्रफितींच्या मालिकेतून प्रसिद्ध केले.

१९८७ मध्ये प्रेस मॅराविच यांचे कर्करोगाने निधन झाले. अखेरच्या आजारपणात पीट यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यानंतर काही दिवसांतच पीट यांचा नेस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.

५ जानेवारी, १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे एका चर्चच्या व्यायामशाळेत मित्रमंडळींबरोबर बास्केटबॉल खेळत असताना ते कोसळले आणि मरण पावले. त्यांचे वय ४० वर्षे होते. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाची डावी धमनी जन्मतःच नसल्याचे आढळले. उजव्या धमनीने तिचे काम आयुष्यभर भागविले होते. हा दोष असलेल्या व्यक्तीने इतकी वर्षे अत्यंत श्रमाचा खेळ खेळणे वैद्यकीयदृष्ट्या विरळ मानले जाते. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुलगे होते.

एलएसयूच्या इतिहासातील स्थान

एलएसयूच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूविषयीच्या चर्चेत प्रामुख्याने तीन खेळाडूंची तुलना होते. बॅटन रूजचेच रहिवासी असलेले बॉब पेटिट १९५१ ते १९५४ या काळात खेळले. त्यांच्या संघाने १९५३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत स्थान मिळविले आणि १९५३ व १९५४ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे विजेतेपद पटकावले. पुढे ते एनबीएच्या सर्वोत्तम खेळाडू पुरस्काराचे पहिले मानकरी ठरले. १९८९ ते १९९२ या काळात खेळलेल्या शकील ओनील यांची प्रतिसामना सरासरी २१.६ गुण व १३.५ रिबाउंड होती. मात्र त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या फेरीपलीकडे जाऊ शकला नाही. एनबीएतील चार अजिंक्यपदे त्यांनी विद्यापीठ सोडल्यानंतर मिळविली. त्यामुळे केवळ महाविद्यालयीन खेळ विचारात घ्यायचा की पुढची कारकीर्दही, यावर तुलनेचा निष्कर्ष बदलतो.

मॅराविच यांच्या बाजूने सर्वांत मोठा आधार त्यांच्या गुणसंख्येचा आहे. त्यांच्या काळात महाविद्यालयीन खेळात तीन गुणांची रेषा नव्हती. ती देशभर लागू झाली १९८६-८७ च्या हंगामापासून. त्यांच्या अनेक फेकी त्या रेषेच्याही बाहेरून केलेल्या होत्या, परंतु प्रत्येकीचे दोनच गुण मिळाले. शॉट क्लॉक नसल्यामुळे प्रतिस्पर्धी संघ चेंडू दीर्घकाळ स्वतःकडे ठेवू शकत. प्रथम वर्षाच्या खेळाडूंवरील बंदी १९७२ मध्ये उठली. तोवर मॅराविच यांची कारकीर्द संपली होती. २०२३ मध्ये डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाच्या आंत्वान डेव्हिस यांनी पाच हंगामांतील १४४ सामन्यांत ३,६६४ गुण केले, तेव्हा पुरुषांचा विक्रम अवघ्या तीन गुणांनी अबाधित राहिला. ३ मार्च, २०२४ रोजी आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क यांनी चौथ्या हंगामात ३,६६७ चा आकडा ओलांडला आणि पुरुष व महिला दोहोंमध्ये प्रथम श्रेणीतील सर्वाधिक गुणांचा मान मिळविला.

टीकाकार या आकड्यांची दुसरी बाजू मांडतात. मॅराविच यांनी तीन हंगामांत बास्केटच्या दिशेने ३,१६६ फेकी केल्या, म्हणजे प्रत्येक सामन्यात सरासरी ३८. त्यांपैकी १,३८७ यशस्वी झाल्या; हे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. प्रशिक्षक वडील असल्यामुळे त्यांना इतकी मुभा मिळाली, असा आक्षेप घेतला जातो. त्यांच्या तीन हंगामांत संघाने ४९ सामने जिंकले आणि ३५ गमावले. कॉन्फरन्सचे विजेतेपद एकदाही मिळाले नाही. त्यांच्या समर्थकांच्या मते केवळ तीन विजयांवर असलेला संघ २२ विजयांपर्यंत पोहोचला, हेच त्यांच्या खेळाचे फलित होते.

त्या काळच्या वांशिक परिस्थितीचाही विचार या तुलनेत केला जातो. मॅराविच यांच्या वेळी एलएसयूच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये पेरी वॉलेस हे व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून १९६७ मध्ये मुख्य संघात उतरले. कॉन्फरन्सच्या बास्केटबॉलमधील ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते. एलएसयूमध्ये हा मान प्रेस मॅराविच यांनी निवडलेल्या कॉलिस टेम्पल यांना मिळाला, पण ते मुख्य संघात आले तोवर पीट विद्यापीठ सोडून गेले होते. म्हणून अनेक गुणवान खेळाडूंना मैदानाबाहेर ठेवणाऱ्या स्पर्धेत केलेले विक्रम नंतरच्या काळातील विक्रमांशी थेट ताडून पाहण्याला मर्यादा आहेत. मॅराविच यांनी पुढे एनबीएमध्ये त्या काळच्या सर्वोत्तम कृष्णवर्णीय बचावपटूंविरुद्ध गुणांचे अव्वल स्थान मिळविले, ही बाब त्यांच्या क्षमतेचा पुरावा म्हणून मांडली जाते.

सन्मान

मॅराविच यांच्या मृत्यूनंतर, १९८८ मध्ये, एलएसयूच्या बास्केटबॉल सभागृहाला पीट मॅराविच असेंब्ली सेंटर असे नाव देण्यात आले. हे सभागृह १९७२ मध्ये, म्हणजे त्यांनी विद्यापीठ सोडल्यानंतर, खुले झाले. महाविद्यालयीन खेळाडू म्हणून ते तेथे कधीही खेळले नाहीत. १९९६ मध्ये एनबीएने जाहीर केलेल्या ५० सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या यादीत त्यांचा समावेश होता. त्यांपैकी त्या वेळी हयात नसलेले ते एकमेव होते. युटा जॅझने त्यांचा ७ क्रमांक आणि अटलांटा हॉक्सने ४४ क्रमांक निवृत्त केला. एलएसयूने २००७ मध्ये त्यांचा २३ क्रमांक निवृत्त केला. ओनील यांचा पुतळा २०११ मध्ये, तर पेटिट यांचा २०१६ मध्ये विद्यापीठाच्या आवारात उभारण्यात आला. मॅराविच यांच्या पुतळ्याचे अनावरण २०२२ मध्ये झाले. पुढील वर्षी महिला संघाच्या सिमोन ऑगस्टस यांचाही पुतळा तेथे बसविण्यात आला.