मँडोलिनकार ऑर्व्हिल गिब्सन

जुने वाद्य हाती आले की जाणकार प्रथम त्याच्या तारांखालील छिद्रातून आत डोकावतो. तेथे चिकटविलेल्या चिठ्ठीवर बहुधा कर्त्याचे नाव असते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेल्या, भोपळ्यासारख्या फुगीर पाठीच्या मँडोलिनांबाबत ही चिठ्ठी पुष्कळदा दगा देते. शिकागोची लायन अँड हीली ही मोठी पेढी, पण तिच्या उत्तम वाद्यांवर नाव असे वॉशबर्न. ते एका भागीदाराचे मधले नाव! कित्येक दुकानदार तर दुसऱ्याने केलेल्या वाद्यात आपलीच चिठ्ठी लावीत. या गर्दीत ज्याचे काम पाहताक्षणी वेगळे दिसते, त्या ऑर्व्हिल गिब्सनची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

ऑर्व्हिलचा जन्म 1856 साली न्यूयॉर्क राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळील शाटोगे या खेड्याच्या परिसरात झाला. तरुणपणी तो मिशिगनमधील कालामाझू गावी आला आणि जोड्यांच्या दुकानात नोकरीस राहिला. फावला वेळ लाकूड कोरण्यात जाई. 1880 साली स्पेनमधील वादकांचा एक ताफा अमेरिकेत आला होता. त्यांच्या हाती होती बांदुरिया, पण लोकांस वेड लागले ते मँडोलिनचे. इटलीहून आलेल्या कारागिरांनी ही मागणी पुरविली.

फुगीर पाठ घडविण्यासाठी लाकडाच्या पातळ पट्ट्या तापवून वाकवीत व साच्यावर एकमेकींस चिकटवीत. अशा पट्टेरी पाठीमुळे अमेरिकन लोक त्या वाद्याला बटाट्यावरचा किडा म्हणत. गिब्सनला ही रीतच मान्य नव्हती. बळाने वाकविलेले लाकूड मोकळेपणी कंप पावत नाही, असे त्याचे मत. व्हायोलिनप्रमाणे त्याने पोट व पाठ कोरून काढली. इतकेच नव्हे, तर बाजू आणि मानही एकाच अखंड लाकडातून कापली. आत आधाराच्या पट्ट्या नाहीत, मानही काही अंशी पोकळ. 1 फेब्रुवारी 1898 रोजी त्यास या रचनेचे पेटंट मिळाले. अखंड बाजूंत लाकूड फार वाया जाई आणि कंपनीने पुढे ती पद्धत सोडली, हे आमच्या मते योग्यच झाले. कोरीव पोटाची कल्पना मात्र टिकली.

1902 साली कालामाझूच्या पाच गृहस्थांनी गिब्सनच्या नावाने कंपनी काढली. पेटंटचे हक्क त्याने 2,500 डॉलरांस विकले. कंपनी त्याच्या नावाची, सुरुवातीच्या चिठ्ठ्यांवर छायाचित्रही त्याचेच. भागीदारांत मात्र तो नव्हता! पुढे त्याची प्रकृती ढासळली. न्यूयॉर्क राज्यातील ऑग्डेन्सबर्गच्या रुग्णालयात ऑगस्ट 1918 मध्ये त्याचे निधन झाले. चारच वर्षांनी, 1922 साली, कंपनीने एफ-5 हे मँडोलिन बाजारात आणले. त्याचेही पोट कोरीवच होते, आणि फुगीर पाठीची मँडोलिने तोवर अमेरिकेत मागे पडत चालली होती.

कंपनीपूर्वीची, खुद्द ऑर्व्हिलच्या हातची वाद्ये थोडी आहेत. त्यांपैकी अनेकांच्या शिरोभागी चांदणी व चंद्रकोर जडविलेली असते.