बंदिवासात पूर्ण झालेला नकाशा : फादर अंतोनियो मोन्सेरात यांचे जीवन

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी मराठवाड्यात परिचित आहे. बालाघाटच्या माळावरील या गावातला शाळकरी मुलगाही आज वडिलांच्या मोबाईलवर आपले घर, गल्ली, पलीकडचा तलाव आकाशातून पाहावा तसा पाहू शकतो. १९८८ साली भारताने आयआरएस-१ए हा आपला नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात पाठविला. तो ९०४ किलोमीटर उंचीवरून फिरे आणि दर २२ दिवसांनी पुन्हा त्याच भूभागावर येई. त्याच्या एका कॅमेऱ्यातील चित्राचा प्रत्येक ठिपका जमिनीवरील ७२.५ मीटर लांबीरुंदीचा चौकोन असे. पुढच्या उपग्रहांनी तो ठिपका लहान लहान करीत नेला आणि आता एकेक झाड मोजता येते. परंतु ज्या काळी भारताच्या अंतर्भागाचा विश्वासार्ह नकाशा युरोपातील कोणाकडेही नव्हता, त्या काळी एका येशूसंघीय धर्मगुरूने घोड्यावरून, पायी आणि पुढे कैदेत बसून हे काम केले. त्यांचे नाव फादर अंतोनियो मोन्सेरात.

मोन्सेरात यांचा जन्म १५३६ साली स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात, वीक या गावी झाला. १५५८ मध्ये त्यांनी येशू संघात प्रवेश केला. पुढे ते पोर्तुगालला गेले. १५६९ च्या प्लेगच्या साथीत लिस्बन शहरात त्यांनी रुग्णांची सेवा केली. १५७४ साली ते गोव्यास आले. वयाची चाळिशी जवळ आलेल्या या धर्मगुरूला आपल्या हातून भूगोलाचे काही काम होईल अशी कल्पनाही नसावी.

१५७९ मध्ये सम्राट अकबराचा दूत गोव्यात आला. ख्रिस्ती धर्माचे जाणकार आपल्या दरबारी पाठवावेत, अशी सम्राटाची इच्छा होती. येशू संघाने तीन जणांची निवड केली. त्यांचे प्रमुख होते फादर रूदोल्फ अक्वाविवा. फारसी जाणणारे फादर फ्रान्सिस एन्रीकेस दुभाषी म्हणून होते आणि तिसरे होते फादर मोन्सेरात. प्रवासात व दरबारात जे दिसेल ते रोज लिहून ठेवावे, अशी आज्ञा वरिष्ठांनी मोन्सेरात यांना केली होती. ही आज्ञा त्यांनी इतक्या निष्ठेने पाळली की दिवसाची कितीही दगदग झाली तरी रात्री ते लिहावयास बसत.

१७ नोव्हेंबर १५७९ रोजी तिघांनी गोवा सोडले. दमणपर्यंतचा प्रवास समुद्रमार्गे झाला. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून मांडू, उज्जैन, सारंगपूर, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर असा त्यांचा मार्ग होता. आपले दख्खनचे पठार त्यांच्या वाटेत आले नाही, ते निजामशाही व आदिलशाहीच्या अमलाखाली होते. नरवर येथे मोन्सेरात आजारी पडून मागे राहिले. अक्वाविवा २८ फेब्रुवारी १५८० रोजी फत्तेपूर सिक्रीला पोहोचले, मोन्सेरात काही दिवसांनी दाखल झाले.

या प्रवासात मोन्सेरात ठिकठिकाणचे अक्षांश मोजत गेले. ही रीत समजण्यास कठीण नाही. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, स्थूलमानाने तितकाच त्या गावाचा अक्षांश असतो. तेरखेड्याच्या माळावरून तो साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो, फत्तेपूर सिक्रीहून सत्तावीस अंशांवर. दोहोंतील साडेआठ अंशांचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे साडेनऊशे किलोमीटर अंतर. मात्र सोळाव्या शतकात ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे तीन अंश दूर होता, त्यामुळे त्याच्या उंचीत दुरुस्ती करावी लागे. दिवसा मध्यान्हीच्या सूर्याची उंची घेऊनही हेच गणित करता येई. दर्यावर्दी लोकांची ही विद्या, पण भारताच्या अंतर्भागात ती कोणा युरोपियनाने इतक्या चिकाटीने वापरलेली नव्हती.

रेखांशाची गोष्ट निराळी होती. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. म्हणून दोन ठिकाणांच्या घड्याळांतील फरक कळला तरच त्यांचे पूर्व-पश्चिम अंतर कळते, आणि प्रवासात बरोबर चालणारे घड्याळ अठराव्या शतकापर्यंत बनलेच नव्हते. तेव्हा चाललेल्या वाटेची लांबी आणि दिशा यांवरून अंदाज बांधणे एवढाच उपाय उरे. येथे मोन्सेरात यांना अनपेक्षित साहाय्य मिळाले ते मोगल छावणीचे.

१५८१ च्या फेब्रुवारीत अकबर आपला सावत्र भाऊ मिर्झा हकीम याच्याविरुद्ध काबूलच्या मोहिमेवर निघाला. मोन्सेरात तेव्हा शाहजादा मुराद याचे शिक्षक होते. सम्राटाने त्यांना बरोबर घेतले. एवढे मोठे सैन्य रोज किती चालते याचा हिशेब ठेवण्यासाठी एक अधिकारी नेमलेला होता आणि तो दहा फुटी काठीने वाट मोजवून घेत असे. सम्राटाच्या तंबूपासून मोजणी सुरू होई. मोन्सेरात यांनी ही पद्धत बारकाईने नोंदविली आहे. मोगल दरबाराच्या शिस्तीविषयी पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले, पण त्या काठीइतका चांगला पुरावा थोड्यांनीच दिला असेल! दिल्ली, अंबाला, सरहिंद मागे टाकून सैन्याने सतलज, बियास, रावी, चिनाब, झेलम आणि सिंधू या नद्या ओलांडल्या. प्रत्येक नदी कोठून येते, कोठे मिळते हे त्यांनी विचारून घेतले. उत्तरेस हिमाच्छादित शिखरे दिसत होती. खैबर खिंडीपलीकडे जलालाबादपर्यंत ते गेले.

दरबारातील धर्मचर्चांचे फळ मात्र फादरांच्या अपेक्षेप्रमाणे आले नाही. अकबर आदराने ऐके, प्रश्न विचारी, पण बाप्तिस्मा घेण्यास तयार नव्हता. मोन्सेरात यांच्या लिखाणात याची निराशा दिसते आणि इतर धर्मांविषयीचे त्यांचे शब्द कित्येक ठिकाणी कठोर आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतरच्या ख्रिस्ती वाचकाला ती पाने वाचताना अवघडल्यासारखे होते, आणि ते योग्यच आहे. माणसांचा न्याय करताना ते आपल्या काळाच्या पुढे गेले नाहीत. वाटा व नद्या मोजताना मात्र त्यांनी पूर्वग्रहाला फारसा थारा दिला नाही.

१५८२ मध्ये ते गोव्यास परतले. अक्वाविवा १५८३ साली परत आले आणि त्याच वर्षी २५ जुलै रोजी सासष्टीतील कुंकळ्ळी येथे आपल्या सहकाऱ्यांसह मारले गेले. ज्यांच्याबरोबर रानावनांतून वाट तुडविली, त्यांच्या मृत्यूचे दुःख मोन्सेरात यांना किती झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

पुढची आज्ञा इथिओपियाची होती. तेथे राहिलेले येशूसंघीय वृद्ध झाले होते. १५८९ च्या प्रारंभी मोन्सेरात आणि तरुण फादर पेद्रो पाएस आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या वेषात निघाले. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ते पकडले गेले. हद्रामौतच्या वाळवंटातून त्यांना येमेनमधील साना येथे तुर्की अंमलदाराकडे नेण्यात आले. सुमारे सात वर्षे ते कैदेत होते, त्यांतील काही काळ गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षाही त्यांनी भोगली. मोन्सेरात तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते.

परंतु त्यांची टिपणे त्यांच्याजवळ राहिली होती. साना येथे त्यांना लिहिण्याची मोकळीक मिळाली आणि १५९०-९१ मध्ये मोगल दरबारातील आपल्या कार्याचा लॅटिन वृत्तान्त त्यांनी कैदेतच पूर्ण केला. हाताच्या पंजाएवढा एक नकाशा त्याला जोडलेला आहे. गंगा-यमुनेपासून सिंधू व काबूलपर्यंतचा प्रदेश, नद्यांची जाळी, गावांची स्थाने आणि उत्तरेस हिमालयाची रांग त्यात आहे. किनाऱ्याची रूपरेषा पोर्तुगीज दर्यावर्दींना ठाऊक होती, पण उत्तर भारताचा अंतर्भाग युरोपात तोपर्यंत टॉलेमीच्या जुन्या कल्पनांनीच भरला जाई.

नकाशात एक गंमतही आहे. हिमालयापलीकडे त्यांनी मानसरोवर दाखविले आणि तेथे ख्रिस्ती लोक राहतात असे म्हणतात, अशी नोंद केली. ही ऐकीव माहिती होती आणि ती चुकीची निघाली. मात्र ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहिण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा लक्षात घेण्याजोगा आहे. हिमालयापलीकडे विस्मृतीत गेलेले ख्रिस्ती बांधव असावेत ही समजूत येशूसंघीयांमध्ये टिकून राहिली आणि १६२४ मध्ये फादर अंतोनियो द आंद्राद हिमालय ओलांडून तिबेटमधील त्सापरांग येथे पोहोचले.

१५९६ साली खंडणी भरून दोघांची सुटका झाली. पाएस पुढे इथिओपियात पोहोचले आणि १६१८ मध्ये नील नदीच्या निळ्या शाखेचा उगम त्यांनी पाहिला. मोन्सेरात यांची प्रकृती कैदेत खचली होती. ५ मार्च १६०० रोजी सासष्टी येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. हस्तलिखित फिरत फिरत कोलकात्यास आले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅप्टन फ्रान्सिस विल्फर्ड यांनी भारताच्या भूगोलासाठी त्याचा उपयोग केला. नंतर ते पुन्हा दिसेनासे झाले. अखेर १९०६ मध्ये कोलकात्यातील सेंट पॉल्स कॅथेड्रल या अँग्लिकन प्रधानमंदिराच्या ग्रंथालयात रेव्हरंड फर्मिंगर या अँग्लिकन धर्मगुरूंना ते सापडले. येशूसंघीय फादर होस्टेन यांनी त्याचे संपादन केले आणि १९१४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने ते नकाशासह प्रसिद्ध केले. साना येथे लिहून झाल्यापासून ते छापखान्यात पोहोचेपर्यंत ३२३ वर्षे गेली होती. १९२२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि अकबराच्या दरबाराचा अभ्यास करणारे इतिहासकार तेव्हापासून ते हाताशी ठेवीत आले आहेत.