पंचांगाच्या आकड्यांमागचे केरोनाना

संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरात बघतो आणि त्या हिशोबाने कुकर लावतो. तो आकडा येतो कुठून, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या कुठल्या भिशीत निघालेला मी तरी ऐकला नाही. एका मराठी प्राध्यापकाने मात्र या आकड्यांपायी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरोनाना.

जन्म १८२५ च्या सुमाराचा, अलिबागजवळच्या नागावचा. आईवडील लहानपणीच गेले, मुंबईला चुलत्यांकडे वाढले. एल्फिन्स्टनमध्ये बाळशास्त्री जांभेकर आणि ऑर्लेबार साहेब असे गुरू मिळाले. मिसरूड फुटायच्या वयातच ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले. १८५१ पासून पुण्यात शिकवू लागले, पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. आणि गंमत बघा, मुंबई विद्यापीठच निघालं १८५७ मध्ये, मग यांच्याजवळ पदवी कुठली असणार! तरी बी.ए.च्या मुलांना त्यांनी शिकवलं. त्यांत लोकमान्य टिळकही होते.

तेव्हाची पंचांगं बहुतेक 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून होत. गणेश दैवज्ञांचा हा ग्रंथ १५२० च्या सुमाराचा. घड्याळ रोज अर्धा मिनिट मागे पडलं तर आज कळत नाही, वर्षाने मात्र तीन तासांचा घोळ होतो. तसंच झालं होतं. पंचांगातलं ग्रहण आणि आकाशातलं ग्रहण यांची वेळ जुळेना.

केरोनानांनी युरोपातल्या नव्या वेधांचा आधार घेतला आणि १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली. कोष्टकात ठरावीक अंतराने आकडे असतात, मधल्या वेळेचा आकडा हिशोबाने काढायचा. सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या बाळाच्या झबल्याचं माप माहीत असलं की नऊ महिन्यांचं आपण अंदाजाने बेततोच ना, तसंच काहीसं. फक्त इथे अंदाज चालत नाही. शिवाय यंत्र नाही, सगळं कागदावर, हाताने.

त्यावरून १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने नवं पंचांग निघालं. नाव पडलं पटवर्धनी. ज्याने राबून गणित केलं त्याचं नाव त्यावर नाही, हे मला जरा खटकतंच. पण ते वापरलं फार थोड्या घरांनी. लोकांचंही नवल नाही. वाडवडिलांची एकादशी चुकीच्या दिवशी झाली, हे कोणत्या घरात पटकन पचेल?

१८७९ मध्ये ते निवृत्त झाले, १८८४ मध्ये गेले. गुरूचा धागा टिळकांनी उचलला. १९०४ मध्ये मुंबईला पंचांगासाठी परिषद झाली, तिच्यात पुढाकार टिळकांचाच. केरोनानांनी रेवतीतल्या एका ताऱ्यापासून राशी मोजायला सुरुवात केली होती. आजचं टिळक पंचांग तेच धरतं. आपली नेहमीची पंचांगं चित्रा नक्षत्रावरून मोजतात. त्यामुळे टिळक पंचांग मानणाऱ्या घरी एखाद्या वर्षी अधिक महिनाही निराळा येतो आणि सण महिनाभर मागेपुढे होतात. संक्रांत तर त्यांची १० जानेवारीलाच होऊन जाते. आपण तेव्हा वाणाचं सामान आणायला बाजारात निघालेल्या असतो.