फॅनी लू हेमर : बोललेले आत्मकथन

आत्मकथन म्हटले की आपल्याला लिहिलेला ग्रंथ आठवतो. फॅनी लू हेमर यांचे आत्मकथन मात्र मुख्यतः बोललेले आहे. म्हणून त्यांचे चरित्र येथे घेतले आहे.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, बटाईने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात ६ ऑक्टोबर १९१७ रोजी त्यांचा जन्म झाला. वीस भावंडांत त्या धाकट्या. सहाव्या वर्षी कापूस वेचणे सुरू झाले. शिक्षण जेमतेमच झाले. आपल्यालाही मतदार होता येते, हे त्यांना १९६२ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी कळले.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला अन्य १७ जणांसह त्या इंडियानोला येथे नोंदणीसाठी गेल्या. तेथे राज्यघटनेतील एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहून द्यावा लागे. कलम त्यांनी उतरवले. अर्थ सांगता आला नाही. उत्तर बरोबर की चूक, हे गोरा अधिकारी ठरवी. नाव भाषेच्या परीक्षेचे, काम मतदार गाळण्याचे! परतताना बसचा रंग फार पिवळा आहे, या सबबीवर चालकाला दंड झाला. अर्ज मागे घ्या, नाहीतर मळा सोडा, असे मळेमालकाने बजावले. १८ वर्षांचे काम सोडून त्या त्याच रात्री बाहेर पडल्या. जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

जून १९६३ मध्ये प्रशिक्षणाहून परतताना विनोना येथे त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. तुरुंगात अधिकाऱ्यांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांकरवी त्यांना बेदम मारहाण करवली. मूत्रपिंडाची इजा जन्मभर राहिली.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातील समितीपुढे त्यांनी हे सारे सांगितले. मिसिसिपीच्या केवळ गोऱ्या शिष्टमंडळाच्या अधिकाराला तेथे आव्हान दिले होते. या साक्षीची रचना आपण लक्षात घ्यावी. आरंभी नाव आणि पत्ता. पुढे तारखा, गावे आणि कोणी काय केले याचा क्रम. विशेषणांची गरजच पडत नाही. साक्ष चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावले आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळले. पण त्याच संध्याकाळी वाहिन्यांनी साक्ष पुन्हा दाखवली आणि ती अधिकच प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या गेल्या. हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नाकारल्या. १९६८च्या शिकागो अधिवेशनात मात्र त्या अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसल्या. पुढे त्यांनी गरीब कुटुंबांसाठी सहकारी शेती उभारली. १४ मार्च १९७७ रोजी मिसिसिपीतच त्यांचे निधन झाले.