रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर

शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मी त्यांच्या वडिलांची माहिती लिहीत आहे.

विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. ते गणितात लय हुशार होते. १९२८ साली मुंबईला बी.एस्सी. होऊन ते इंग्लंडात केंब्रिजला गेले. तिथे गणितात पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. ते रँग्लर झाले.

ते तिकडे शिकत असतानाच १९२९ साली अमेरिकेतल्या हबल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की लांबच्या दीर्घिका आपल्यापासून आणखी लांब जात आहेत. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे मोठे गाव. म्हणजे विश्व पसरत आहे. आपल्या किल्ल्यावरून पाहिले तर चांदण्या जागच्या जागीच दिसतात, कारण त्या आपल्याच दीर्घिकेतल्या आहेत. आई पापड लाटत होती तेव्हा मला हे समजलं. पापड पसरतो तसे जिरे एकमेकांपासून लांब जातात. जिरे चालत नाहीत, पापड वाढतो.

१९३२ साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात आले. वयाच्या चोविसाव्या वर्षी ते गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी मुलांना आइनस्टाइनचे गणित शिकवले. विश्व कसे पसरते ते याच गणिताने काढतात. गुजरातचे वैद्य त्यांच्याकडे शिकायला आले आणि जगप्रसिद्ध झाले.

त्यांच्या घरात फळा होता. जयंतचे मामा त्यावर कठीण गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत कोणी पुसायचे नाही. पुढे जयंतही रँग्लर झाले. १९६४ साली त्यांनी व हॉयल यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, असे ते मानत. पुष्कळ शास्त्रज्ञांना ते पटले नाही. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सगळे फार तापलेले व दाटलेले होते, मग पसरले, असे ते मानतात. १९९८ साली कळले की पसरण्याचा वेग वाढतो आहे. असेच चालले तर शेवटी सगळे तारे विझतील व अंधार होईल.

हे वाचून मले रात्री झोप आली नाही. आजीला वाटलं प्रलय आला. पण गुरुजींनी सांगितले की आपला सूर्यच अजून सुमारे ५०० कोटी वर्षे टिकेल. तवा आजी म्हणाली की मग यंदाची पेरणी करायला हरकत नाही.

बनारसनंतर नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. मग पुणे विद्यापीठात त्यांनी शिकवले. १ एप्रिल १९९१ रोजी ते वारले. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. विश्वाचे काय होणार, हे गणित अजून पूर्ण सुटलेले नाही. ते कोणीतरी सोडवायचे आहे.

पालकांना विनंती आहे की घरी भिंतीला एक पाटी टांगा व रोज एक कठीण गणित लिहा. मी माझ्या मामाला सांगून ठेवलं आहे.

इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, बाळापूर